एक वीत मिळवून

हसमुख माछी कावीहून होडी घेऊन आला,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोरखंडांनी आवळून,
पहाटे चारला, अकोट्याच्या चढापर्यंत.
पुढे मुजमहुडा नव्हताच.
कुणीतरी त्याला सांगितलं होतं,
तिनईकर मोबाईलवाळा इथेच वर राहतो.

होडीतल्या यंत्राची काच फुटलेली.
आत ते बोलत होतं, दिसत काही नव्हतं.
'खोली सांगतं,' तो म्हणाला, 'खाडीत याच्यावरच चालतो आम्ही.
इथे तर खाली मोटारी, कंपाउंडच्या भिंती,
भाले लावलेली फाटकं. तळ फाटला तर?'

मी मुलीचा शाळेचा टॅब काढला
आणि काडेपेटीएवढी वायफायची डबी,
जी कधीतरी हौसेनं मागवली होती
तेव्हा बायकोनं विचारलं होतं,
बडोद्यात कुठला समुद्र?

दोन तारा. पिवळी, हिरवी.
जोडल्या तर पडद्यावर नुसती किडामुंगी.
उलट्या करून पाहिल्या. तेच.
मग कळलं, वेग जुळत नाही:
डबी ऐकणार अडतीस हजार चारशेनं,
आणि जुनं यंत्र बोलणार चार हजार आठशेनं,
रावपुऱ्यातल्या एखाद्या पेन्शनर कारकुनासारखं,
अक्षराला अक्षर लावत.
डबीला म्हटलं, हळू ऐक.

आणि वाक्यं यायला लागली.
वाक्यंच म्हणतात त्यांना, खरंच.
डॉलरच्या खुणेनं सुरू होतात, ताऱ्याशी थांबतात,
ताऱ्यापुढे दोन अक्षरं,
वाक्य अख्खं पोचलं की वाटेत सांडलं, ते ताडून बघायला.
आमच्या घरात ही सोय नाही.
किती वाक्यं अर्धीच पोचली
आणि ती पूर्ण धरून आम्ही भांडलो.

हसमुखला एवढंच हवं होतं: 'केटलूं?'
'दोन पूर्णांक एक.'
'एक वीत मिळवा. यंत्राचा कान तेवढा बुडालेला असतो.'

मी पुढे, टॅब रेनकोटच्या आत.
नकाशाला पूर ठाऊक नव्हता.
तो शांतपणे सांगे, दोनशे मीटरवर डावीकडे वळा.
पुढे एकेरी मार्ग आहे.
आम्ही दुभाजकावरून गेलो.
शून्य पूर्णांक सहा! हसमुखनं इंजिन उचललं.
दूध, इन्सुलिन, बिस्किटाच्या डब्यात मेणबत्त्या.
गच्चीगच्चीवरून दोऱ्या सोडलेल्या.
एकदा आकडा पावणेदोनवरून पाऊणवर आला,
आणि परत पावणेदोन.
'मोटार असेल,' मी म्हणालो.
'मोटार सरकत नाही.'
विश्वामित्रीत काय काय राहतं
त्याबद्दल दोघंही काही बोललो नाही.

मग माझं दुकान आलं.
म्हणजे टॅबवर आलं: तिनईकर मोबाईल, आता उघडे आहे.
पाटी तेवढी पाण्याबाहेर, तिच्यावर जुना नंबर.
एक पूर्णांक आठ. अधिक एक वीत. वजा दुकानाची पायरी.
माझ्या फळ्या मला पाठ आहेत.
काउंटर तीन फुटांवर,
दुरुस्तीला आलेले फोन चौथ्यावर, नावं घातलेल्या पाकिटांत.
सातव्या फुटावर पावतीबुकं.
म्हणजे कुणाकुणाचं काय बुडालं, ते लिहिलेलं कोरडं.
हसमुखनं होडी मंद केली, विचारलं काही नाही.
'चला,' मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं.
त्यानं ओल्या नोटा काढल्या, मी डबी तशीच दिली.
टॅबमध्ये मात्र ती वाट राहिली आहे,
निळी, वाकडी, भिंतींतून आरपार गेलेली,
ठिपक्याठिपक्याला आकडा.
जागा कमी पडते, मिटवू का, मुलगी विचारते.
राहू दे म्हणतो. परीक्षेनंतर बघू.

काल सिग्नलला स्कूटर थांबवली, पाय टेकला.
इथे दोन पूर्णांक तीन होतं.
तांबडे आकडे उतरत होते, अठरा, सतरा,
शेजारच्या रिक्षावाल्याला सुटे हवे होते.
मी मान वर करून बघत राहिलो,
जिथे होडीचा तळ दिसला असता.